पांढरीवरचे तीन धोंडे

मी मुळात भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल, लिफ्ट, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, गॅस बंद केला की नाही, सगळ्यालाच मी भिते. पोस्टाच्या काउंटरवर उभा जन्म काढला तो चूक होईल या धास्तीत, आणि चुका फारशा झाल्या नाहीत त्याही त्या धास्तीमुळेच. निवृत्त झाल्यावर मी जुन्या वस्त्या शोधायच्या प्रशिक्षणाला नाव दिलं, तेव्हा इंदिरानगरातल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला हसू आलं. यजमान म्हणाले, "घरातलं झुरळ मारत नाहीस तू, आणि खड्ड्यात उतरणार?"

उतरले. हट्टाला पेटले की मी कुणाची नाही.

प्रशिक्षण सिन्नरच्या पुढे एका खेड्यात होतं. द्वारका चौकातून एसटी, सिन्नरहून जीप, आणि शेवटचा तुकडा पायी. आपल्या गावाखाली काय दडलंय ते गावातल्याच माणसांनी ओळखावं आणि सांभाळावं, असा ते प्रशिक्षण भरवणाऱ्या मंडळींचा बेत होता. त्यामुळे शिकणारे बहुतेक सगळे गावातले, आणि शहरातली माझ्यासारखी दोन-चार रिकामटेकडी. शिकवायला एक तरुण सर होते. उन्हानं रापलेले, बोलायला गोड, आणि पहिल्या मिनिटापासून मला 'काकू' म्हणणारे.

सरांनी पहिल्या दिवशी आम्हाला एक शब्द दिला. म्हणाले, "खेड्यात जाऊन प्राचीन स्थळ कुठे आहे असं विचारलंत तर देऊळ दाखवतील. पांढर कुठे आहे ते विचारा." काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे माणसं राहतात ती, एवढं मला ठाऊक होतं. माणसं उठून दुसरीकडे गेली तरी ती जागा पांढरच राहते, हे मात्र नव्हतं. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, असं शेकडो वर्षं साचत गेलं की मातीचा रंगच पालटतो. या गावाच्या उत्तरेला तसं एक टेकाड होतं. वर चार बोरी, एक हिवराचं झाड, आणि पाय ठेवू तिथे खापऱ्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी चित्रं दाखवली. तीन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं तान्हं मूल दगावलं की दोन मडकी घ्यायची, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल, आणि ती मडकी राहत्या घराच्या जमिनीखाली पुरायची. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. सर माझ्याकडेच बघून म्हणाले, "असं काही निघालं तर घाबरायचं नाही. मात्र हाडं अलीकडची वाटली तर काम ताबडतोब थांबवायचं. पोलीस पाटलांना कळवायचं, पंचनामा होतो."

माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "घरातच पुरायचे?"

"घरातच."

"म्हंजे आईला ठावं आसायचं, कुठं हाय ते."

"असणारच की," सर हसून म्हणाले आणि पुढचं चित्र लावलं. मीही ते बोलणं तिथेच सोडून दिलं, कारण मला तेव्हा फक्त पंचनामा हा शब्द ऐकू येत होता.

ही बाई माझी जोडीदारीण. दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या होत्या, त्यात ती माझ्या वाट्याला आली. चाळिशीची असेल. बचत गटातून नाव दिलेली, अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं. कामात मात्र सरांनी तिच्याकडून शिकावं अशी. पहिल्या चाचणी खड्ड्यात सगळे नुसती माती खरवडत होते, तेव्हा हिनं थापी उलटी धरली, लाकडी मुठीनं जमिनीवर ठोकलं, कान तिरका केला आणि म्हणाली, "हितं भुई हाय. चोपलेली." सरांना पटेना. दोन बोटं माती काढली तर खरंच खाली सपाट, घट्ट, चोपणीनं बडवलेली जमीन. जन्मभर घराच्या जमिनी चोपलेल्या आणि सारवलेल्या बाईला ते कळणार नाही तर कुणाला?

मग तिनं मलाही शिकवलं. माझा हात धरून मूठ ठोकायला लावायची. "हे बगा, टण् वाजलं. हितं कुनी कदी हात लावला नाय. आता हितं ठोका. भद् झालं ना? हितं कदीतरी उकरलंय." सर म्हणाले, अगदी बरोबर, एकदा उकरलेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, किती का वर्षं जाईनात. मला चार दिवसांत ते इतकं अंगवळणी पडलं की घरी जाऊन कुंड्या ठोकायला लागले.

आता माझी चूक सांगते.

पाचव्या दिवशी सगळ्या टेकाडाची पाहणी होती. एका रांगेत उभं राहायचं, प्रत्येकानं आपला पट्टा धरून हळूहळू चालायचं, आणि काही वेगळं दिसलं तर लाल झेंडी रोवून नोंदपत्रक भरायचं. माझ्या शेजारचा पट्टा तिचा. हिवराजवळ आलो तेव्हा ती जरा बाजूनं वळसा घेऊन गेली. मी तिकडे पाहिलं तर झाडाखाली तीन धोंडे. दोन खाली टेकवलेले, तिसरा चपटा त्यांच्यावर. पट्टा तिचा होता, माझा नव्हता. पण मला राहवलं नाही. मी वाकून तिच्या पट्ट्यात झेंडी रोवली, आणि वर तिलाच सुनावलं, "अगं, डोळे कुठे आहेत तुझे? एवढं ढळढळीत दिसलं नाही?"

ती म्हणाली, "नाय दिसलं."

पत्रकावर मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'दगडांची हेतुपूर्वक मांडणी. संभाव्य चूल किंवा दफन.' दफन हा शब्द निव्वळ शायनिंग मारायला घातला होता. खाली 'सद्यस्थिती' असा रकाना होता, विहिरी, देवळं, पिराच्या जागा यांच्यासाठी ठेवलेला. वापरात किंवा वापरात नाही. मी 'वापरात नाही'वर खूण केली. सरांनी ते पत्रक सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या. दुसरा चाचणी खड्डा तिथेच घ्यायचा ठरलं, आणि संध्याकाळच्या आत चार खुंट्या ठोकून सुतळी ताणलीसुद्धा. जीपमध्ये बसून मी यजमानांना फोन केला आणि तिखटमीठ लावून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती डोळे सुजलेली. दुपारी आम्ही दोघी शाळेच्या मागे घमेल्यात खापऱ्या धूत बसलो होतो. जुने टूथब्रश दिले होते, त्यानं हलकं घासायचं. ती इतकी जोरात घासत होती की खापरीवरची रेघ निघून चालली होती. मी खेकसले, "अगं हळू, भांडी घासत नाहीयेस."

तिनं ब्रश खाली ठेवला. "ताई, त्या हिवराखाली खनू देऊ नका."

"का?"

"तिथं माझं बाळ हाय."

माझ्या हातातली खापरी पाण्यात पडली. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर निव्वळ भीती. तिची कणव नंतर आली. आधी पंचनामा आला, पोलीस आले, आणि माझ्या अक्षरातलं ते 'दफन' आलं.

तिनं तुटक तुटक सांगितलं. पहिलं बाळंतपण, मुलगी झाली, बारशाच्या आतच गेली. नाव ठेवायचं राहिलं. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. सासरा आणि दीर कापडात गुंडाळून घेऊन गेले. ही आत बाजेवर. कुठे नेलं ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची रीत नव्हती. पुढे चार-पाच वर्षांनी खुरपताना सासू आपणहून बोलली, पांढरीवर नेलं होतं, हिवराखाली, तीन धोंडे मांडलेत. एकदाच बोलली. पुन्हा तो विषय काढला नाही. आता सासराही नाही, दीर नाही, आणि सासूही गेली.

"मग सरांना सांगू या," मी म्हणाले. "चांगला माणूस आहे. थांबवतील."

"सर गावात इचारत्याल. सरपंचाला इचारत्याल, मंग माझ्या मालकाला."

"विचारू दे ना. त्यांचंही मूल होतं ते."

तिनं मान हलवली. नवरा त्या दिवशी कंपनीत पाळीवर होता, त्यानं जागा पाहिली नव्हती. पण एकदा, फार मागे, तो कुणाशी तरी बोलताना हिनं दाराआडून ऐकलं होतं की पोरीला ओढ्याला नेलं. ओढ्याच्या त्या जागेवर आता बंधारा आहे, बारमाही पाणी. तिनं त्याला कधी विचारलं नाही. इतक्या वर्षांत नाही.

"त्यो वढ्याला म्हनला, तर मंग मी कुठं जाऊ?"

मी आपली माझ्याच भीतीला धरून म्हणाले, "पण खड्ड्यात हाडं निघाली तर पंचनामा होईल. तेव्हा तरी कळेलच की सगळ्यांना."

"निघली तर निघली," ती म्हणाली. "ताई, नाय निघली तर?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मातीचा आवाज ओळखणारी त्या गावातली सगळ्यात तयार बाई, तिनं त्या तीन धोंड्यांपाशी कधी थापीची मूठ ठोकली नव्हती. ठोकली असती तर एका क्षणात कळलं असतं. म्हणून ती वळसा घालून गेली होती. आणि प्रशिक्षणाला नाव दिलं तेही शिकायला नाही. पांढर खणणार असं तिनं ऐकलं होतं, आणि खणतील तेव्हा आपण तिथे असावं एवढंच तिला वाटलं होतं. तिनं मला स्वतःची शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही.

त्यानंतरचे दोन दिवस मी कशी जगले ते माझं मला ठाऊक. जेवण जाईना. एसटीत मनातल्या मनात सरांशी बोलायची, आणि सिन्नर यायच्या आत सगळं विसरायची. खोटं बोलायची मला सवय नाही. पोस्टात एक रजिस्टर पाकीट चुकीच्या पिशवीत गेलं होतं, तर मी स्वतः साहेबांच्या टेबलाशी जाऊन रडले होते. आता इथे बोलले तर तिची शपथ मोडत होती आणि न बोलले तर तिच्या काळजाचा तुकडा किंवा त्याची रिकामी जागा सगळ्या गावासमोर उघडी पडत होती, आणि झेंडी माझी होती.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. धोंडे उचलायच्या आधी त्यांचं चित्र काढावं लागतं, आलेख कागदावर, टेप लावून मोजून. ते काम सरांनी मलाच दिलं, अक्षर चांगलं म्हणून. मी चित्र काढत राहिले. पेन्सिलीला टोक केलं. पुन्हा केलं. एकच धोंडा तीन वेळा मोजला. खोडलं, पुन्हा काढलं. तीन दगडांना मी पुरता दीड दिवस लावला. ती पलीकडच्या खड्ड्यात पाठ करून काम करत होती, एकदाही इकडे बघत नव्हती. सर दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "काकू, ताजमहाल काढताय का? चला, उचला आता."

"थोडंसं राहिलंय."

"उचला, काकू."

मी वरचा चपटा धोंडा दोन्ही हातांनी धरला, मनात कुलदैवताचं नाव घेतलं आणि उचलला.

खाली दोन दगडांच्या बेचक्यात मणी होते. काळे, बारीक, काचेचे. तान्ह्या बाळाच्या मनगटाला दृष्ट लागू नये म्हणून ओवतात तसले. बरेचसे मातीत अर्धे रुतलेले, मळलेले. एकच वरती, नवा, चकचकीत. दर वर्षी एक आणून ठेवत असावी, हे मला कुणी सांगायला नको होतं. मणी पाहिले आणि मला रडू फुटायच्या बेतात आलं, आणि नेमकं तेव्हाच माझ्या हातानं घात केला. धोंडा मांडीवर टेकवला, तर थापी शेजारीच पडलेली. मेल्या सवयीनं मी ती उलटी धरली आणि मण्यांच्या कडेला मूठ ठोकली.

टण् वाजलं.

मी मुद्दाम नाही ठोकली. देवाशपथ नाही. पण वाजलं ते माझ्या कानांनी ऐकलं, आणि त्या कानांना तिनंच शिकवलं होतं. दगडाच्या या बाजूला टण्. मी वेड्यासारखी दुसऱ्या बाजूलाही ठोकली. टण्. कुणी कधी हात लावलेला नव्हता. मी वर पाहिलं. ती पलीकडे पाठमोरी होती, खाली वाकलेली. तिचा हात चालू होता की थांबला होता, मला आजही नीट आठवत नाही.

सरांची सावली पडली. "अरे वा, मणी!" ते उकिडवे बसले, एक मणी बोटावर घेतला, उन्हात धरला. मग त्यांचा चेहरा उतरला. "हे तर आजचे आहेत. बाजारातले."

"ही जागा वापरात आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"कोणाच्या?"

"ते पत्रकात विचारलेलं नाही."

मी अशी फटकन बोलले याचं मलाच आश्चर्य वाटलं. सर माझ्याकडे बघत राहिले. आता ते गावात विचारायला जाणार, सरपंचांना हाक मारणार, असंच मला वाटलं. मी धोंडा छातीशी धरून तशीच बसले होते. ते उठले, हिवराकडे पाहिलं, पलीकडच्या खड्ड्याकडे पाहिलं. त्यांना कितपत कळलं कोण जाणे. घेतलेला मणी त्यांनी जिथला तिथे ठेवला आणि स्वतःच्या हातानं सुतळी सोडायला लागले. "खड्डा बोरीकडे घेऊ," ते इतरांना म्हणाले. "इथे झाडाची मुळं फार आहेत."

मी धोंडा परत ठेवला. व्हरांड्यात जाऊन माझं पत्रक काढलं, 'वापरात नाही'वरची खूण खोडली, 'वापरात'वर केली, आणि पोस्टातल्या शिस्तीप्रमाणे खाडाखोडीशेजारी सही केली. 'दफन' हा शब्दही खोडला. तिथेही सही केली.

दुपारी हापशावर आम्ही दोघी थाप्या धूत होतो. ती दांडा हापसत होती, मी माती काढत होते. मला तिच्याकडे बघायचं धैर्य होत नव्हतं. ती विचारणार, आता विचारणार, याचीच मी वाट बघत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

"धोंडा व्हता तसाच ठेवला का?" तिनं विचारलं.

"तसाच. मण्यांना धक्का लागला नाही."

तिनं मान हलवली. थोडं पाणी काढलं. मग दांड्यावरचा हात न काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी मूठ ठोकली तवा मी पल्याड व्हते. मला नीट आयकू आलं नाय."

तिनं विचारलं नव्हतं. पण पाणी थांबलं होतं.

"भद् झालं," मी म्हणाले. "दोन्ही बाजूंना."

आयुष्यात इतकं सरळ तोंडानं मी कधी खोटं बोलले नव्हते. तिनं आता माझ्याकडे पाहिलं. थेट, आणि बराच वेळ. तिच्या कानाला काय ऐकू गेलं होतं, काय नव्हतं, ते त्या नजरेतून मला कळेना, आणि कळू नये म्हणून मी खाली थापीकडे बघत राहिले.

"लय हळू ठोकली आसंल तुमी," ती म्हणाली, आणि पुन्हा हापसायला लागली.